थंडी वाजून ताप

"फ्लू आहे, घरी न्या," असं अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हाही प्रीताचे दात थंडीने कडकड वाजत होते. सासू रत्नाबाई तिच्या उशाशी उभ्या होत्या.

"सुशांत, त्यांना सांग, ही केनियाच्या सफारीहून आलीय. मलेरिया असेल हा."

"आई, ट्रिपला तीन आठवडे होऊन गेले. डॉक्टर आहेत ते, त्यांना कळतं." मुलाने गाडीची किल्ली काढली. "चला, निघू या."

अमेरिकेत आल्यापासून रत्नाबाईंनी परक्या माणसासमोर चकार शब्द काढला नव्हता. पण आता डॉक्टरांची वाट अडवून त्या दारात उभ्या राहिल्या.

"आफ्रिका," त्या म्हणाल्या. "लायन. मॉस्किटो. फीव्हर. ब्लड टेस्ट. नाऊ!"

डॉक्टर थबकले. "आफ्रिका? हे मला कोणीच सांगितलं नाही!"

रक्तात मलेरियाच निघाला. लगेच औषधं सुरू झाली. दोन दिवसांनी ताप उतरला, तेव्हा सुशांतने मान खाली घालून बायकोला सगळं सांगितलं. प्रीताने सासूचा हात धरला.

"आई, तुम्हाला इंग्लिश येतं?"

"लागेल तेवढं येतं."