पत्ते आई वाटते

पोकरमध्ये नियमापुढे नातं नसतं, असं थोरला गंभीरपणे सांगे. टेबल आईचं होतं. हरेल त्याने आईला आपल्याकडे न्यायचं आणि मग हे घर विकायचं, असं तिघा भावांचं ठरलं होतं.

भावांचा एकमेकांवर विश्वास नव्हता, म्हणून पत्ते आई वाटायची. पण कुणाला न दाखवता बाजूला टाकायचं पान दर डावाला तिच्या हातून नेमकं उघडं पडायचं. पान दिसलं की डाव रद्द, असा भावांचाच नियम.

"अगं आई, पुन्हा?"

"डोळे गेले रे माझे," म्हणत ती चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवून धाकट्याचं बटण लावून द्यायची. रविवार संपायचा, घर राहायचं.



"आता तू आराम कर," म्हणत या रविवारी थोरल्याने पत्ते वाटायचं मशीन टेबलावर ठेवलं.

सेल त्यात आधीच घातलेले होते.