वाचल्याची तारीख

सासूबाईंचे आत्मचरित्र वाचून झाल्याखेरीज रानातल्या त्यांच्या घराची किल्ली मिळणार नव्हती, आणि अळंब्यांचा हंगाम तर ऐन भरात आला होता. म्हणून ब्र्नो शहरात संगणकाचा गाभा, म्हणजे कर्नेल, लिहिणाऱ्या व्लास्तिमिलने आत्मचरित्राचे मेमरी कार्ड शुक्रवारी परत केले आणि रविवारी जेवताना ते दोनदा वाचल्याचे बिनदिक्कत सांगून टाकले.

"मग जावईबापू, फाइल शेवटची वाचल्याची तारीख मी कार्ड तुम्हाला दिलं त्याच्या आधीचीच कशी?" द्राहोमीराबाईंनी त्याच्या ताटात क्नेडलिकचा आणखी एक उकडलेला गोळा वाढत विचारले.

व्लास्तिमिलने कार्ड हातात घेतले, त्याच्या कडेची कुलपाची इवलीशी खिटी बंद बाजूला सरकवलेली पाहिली आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"आई, अहो, याला कुलूप आहे. कुलूपबंद कार्डावर कर्नेल काही म्हणजे काही लिहीत नाही. हजारदा वाचा, वाचल्याची तारीख तीच राहणार. या नियमासाठी कित्येकांशी भांडलोय मी."

"पटलं हो," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.



"फक्त ते कुलूप मी काल लावलं, कार्ड तुमच्याकडून परत आल्यावर."