सात वर्षं सहज

"मान वर करा, काकू. अजून थोडी," पार्लरवाली म्हणाली आणि तिने बाईंच्या गळ्याभोवती प्लास्टिकचा झगा बांधून टाकला.

बाईंनी आरशातून दाराकडे पाहिलं. दाराला लागूनच सोफा होता आणि सोफ्यावर ऑफिसातल्या दोघी ठाण मांडून बसल्या होत्या. एक टायपिस्ट. दुसरी टपालाचं रजिस्टर सांभाळणारी, म्हणून सगळ्यांची आवक-जावकवाली. बाईंची पर्स तिच्या मांडीवर होती, आणि तिच्या ताब्यात आलेली वस्तू नोंद झाल्याशिवाय बाहेर पडत नाही, हे ऑफिसातला शिपाईसुद्धा जाणून होता.

बाई उद्या निवृत्त होणार होत्या. दुपारी चारला पेन्शनच्या कागदांवर साहेबांची शेवटची सही, मग भाषणं, मग फोटो. तोवर कुणी आपल्याकडे निरखून पाहू नये, एवढंच त्यांना हवं होतं. चौतीस वर्षं त्यांनी ते निभावलं होतं. आणि आज, अगदी काठावर आल्यावर, "जरा कोपऱ्यापर्यंत येता का?" म्हणत या दोघींनी त्यांना इथे आणून बसवलं होतं.

"बाकीचे लोक घड्याळ देतात, पेन देतात," टायपिस्ट म्हणाली. "आम्ही ठरवलं, बाईंना त्यांची दहा वर्षं परत द्यायची."

"मला नकोत."

"नकोत कशी? तुमचा फोटो डबा खायच्या खोलीत लागणार आहे. रोज बघत बघत आम्हाला जेवायचंय."

पार्लरवालीने बाईंची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. भाजी निवडावी तसा तिने तो निवडला.

"कातडी तर फर्स्टक्लास आहे. कपाळावर रेघ नाही. काय लावता?"

"पाणी."

"दातही सगळे स्वतःचे आहेत," आवक-जावकवालीने माहिती पुरवली. "गुडघे शाबूत. परवा लिफ्ट बंद होती तर चार मजले तरातरा चढून आल्या. मी मधेच बसले होते धापा टाकत. मला पाहिलं आणि मग यांनी कठडा धरला. म्हटलं, माझं मन राखतायत."

"मग काही अवघड नाही. वय दिसतंय ते केसांनी आणि या अवताराने," पार्लरवाली म्हणाली. "हा मधला भांग, हा आवळलेला अंबाडा, हा साखळीचा चष्मा. भांग बाजूला घेऊ, कपाळावर एक बट सोडू. भुवया जरा भरू. काजळ खाली नको, वर बारीक रेघ पुरे. गालांना क्रीम, ओठांना फिका रंग. आणि केसांना काळसर तपकिरी. सात वर्षं सहज उतरतील."

"सातच का?" बाईंनी एकदम विचारलं.

"बघा, सुटला लोभ," टायपिस्ट खिदळली.

बाई हसल्या नाहीत. "भांग बदल हवा तर. ओठांना लाव. पण केस धुवायचे नाहीत आणि रंगवायचे नाहीत."

"अहो, पण का?"

बाई कधी स्वतःबद्दल बोलत नसत. बोलल्या तरी तारेसारख्या, मोजक्या शब्दांत. आताही त्यांनी शब्द निवडून घेतले.

"बहीण गेली माझी. नोकरीचं पत्र आलं, त्याच आठवड्यात. तेव्हापासून आरशाचं आणि माझं फारसं जमत नाही."

सोफ्यावरचं हसणं थांबलं.

"धाकटी ना हो?" आवक-जावकवालीने आवाज उतरवून विचारलं.

"दोघीच होतो आम्ही. वडील अंथरुणाला खिळलेले. आई म्हणाली, पत्र परत गेलं तर चूल विझेल. नवव्या दिवशी कामावर हजर झाले."

टायपिस्टने डोळे टिपले. आता सुटका, असं बाईंना वाटलं. त्यांनी मानेमागची गाठ चाचपायला हात नेला. पण थट्टेतून माणूस निसटू शकतो, मायेतून नाही. आवक-जावकवाली पर्ससकट उठून आली आणि तिने बाईंचे दोन्ही हात खाली आणले.

"चौतीस वर्षं दुःख धरून बसलात. पुरे झालं बाई. त्या बिचारीलाही हे आवडलं नसतं." मग पार्लरवालीकडे वळून तिने हुकूम सोडला, "घे गं यांना आत. चांगले खसखसून धू."

आतली खोली कपाटाएवढी होती. एक बेसिन, एक खुर्ची आणि सरकतं दार. बेसिनच्या खाचेत मान अडकली की छताशिवाय काही दिसत नव्हतं. पार्लरवालीने अंबाड्यातल्या पिना एकेक काढल्या आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या. बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"इतकं काय घाबरता? नुसतं कोमट पाणी आहे."

पाणी आलं. भांगात दाबून बसवलेली पावडर दुधासारखी ओघळून गेली. पार्लरवालीची बोटं दोनदा फिरली आणि थांबली. तिने नळ बंद केला. केस भांगापाशी वेगळे करून पाहिले, मग कानामागे, मग मानेवर.

"काकू," ती कुजबुजली, "इथे येणाऱ्या बायकांची मुळं पांढरी असतात आणि वर रंग. तुमचं उलटं आहे. पेरभर काळेभोर, आणि पुढे सगळं ब्लीच केलेलं. पांढरे केस काय हौसेने करतं कुणी?"

"काय गं, दिसायला लागल्या का तरुण?" बाहेरून टायपिस्टने हाक दिली.

पार्लरवाली उत्तर द्यायला वळली तसं बाईंनी तिचं मनगट धरलं. त्या पकडीला अठ्ठावन्न वर्षं झालेली नव्हती.

"परवा येते मी. हवे तेवढे काळे कर," बाई म्हणाल्या. "पण उद्या चारपर्यंत मला माझी मोठी बहीणच राहू दे."