दोघांच्या नावचं पाकीट

पाकीट एक होतं आणि बाप दोन. दगडोबा पोस्टमन नव्या भिंतीच्या टोकाशी सायकल धरून उभा राहिला. उजवीकडं शिवमूर्तीचं घर, डावीकडं व्यंकटीचं. दोघंही बाहेर आले होते. पाकिटावर जॉर्डनचं तिकीट होतं आणि दोघांची नावं होती. दोन महिन्यांत पोरांची ही पहिलीच खबर.

"जिल्हा उस्मानाबाद लिव्हलंय," दगडोबा वेळ काढत म्हणाला. "लातूर जिल्हा होऊन आठ वरसं झाली, पन पोरांच्या हाताला जुनंच वळन. म्हनून महिनाभर भटकत आलं."

"कुनाचं नाव आधी हाय?" व्यंकटीनं विचारलं.

दगडोबानं पाकीट छातीशी धरलं. पण शिवमूर्तीला वाचता येत होतं आणि त्यानं ते आधीच वाचलं होतं.

"माझं हाय," तो म्हणाला.

शिवमूर्तीचा शरणप्पा कुवेतमध्ये वायरमन. व्यंकटीचा नरसिंग इराकमध्ये, बसऱ्याला वेल्डर. दोघं एकाच बैलगाडीतून उदगीरच्या स्टेशनवर गेले होते आणि दोन्ही बाप एकाच गाडीतून डोळे पुसत परत आले होते. ऑगस्टात इराकनं कुवेत घेतलं, त्या दिवशी हॉटेलात चहा पिताना व्यंकटीला गंमत सुचली. "आमच्या पोराच्या राजानं तुमच्या पोराचा राजा पळवून लावला की वो!" लोक हसले. शिवमूर्ती हसला नाही. संध्याकाळी त्यानं आपल्या बोअरचं पाणी व्यंकटीला बंद केलं. व्यंकटीनं आपल्या शेतातून जाणारी त्याची गाडीवाट नांगरून टाकली. मग शिवमूर्तीचे साडू धावून आले, व्यंकटीची भावकी धावून आली. आठवड्यात दोन डोकी फुटली. कुवेत कोणत्या दिशेला आहे हे ज्यांना सांगता आलं नसतं, ते एकमेकांच्या मयतीलाही जाईनात. तिकडं वाळवंटात साऱ्या दुनियेची लष्करं अजून जमतच होती; गावाला तेवढाही धीर निघाला नाही. पावसानं पाठ फिरवलेली, बायका मैलभरावरून हंडे आणत होत्या, पण दोन घरांमधल्या भिंतीच्या चिखलाला मात्र पाणी मिळालं. इतकी अक्कल फक्त माणसालाच असते.

"पैलं नाव माझं, पत्र माझं," म्हणत शिवमूर्तीनं पाकिटाला हात घातला.

"आन् माझं पोरगं काय उकिरड्यावर सापडलं?" व्यंकटीनं दुसरं टोक धरलं.

"आरं सोडा! मी फोडून वाचतो, दोघंबी ऐका," दगडोबा ओरडला.

कोण ऐकतो? ओढाओढीत पाकीट मधोमध फाटलं. क्षणभर दोघंही चपापले. एकानं जरी तेव्हा तोंड उघडलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. पण दोघं आपापला तुकडा मुठीत घेऊन घरात गेले. दगडोबानं खाली पडलेला तिकिटाचा कपटा उचलला आणि कुणाला द्यावा हे न कळून खिशात ठेवला.

शिवमूर्तीनं आपला तुकडा गुडघ्यावर सरळ केला. त्याची बायको नीलम्मा पदराचा बोळा तोंडाशी धरून समोर बसली. तो एकेक अक्षर लावत वाचू लागला.

"ती. दोन्ही बाबांस नमस्कार. आम्ही जिवंत आहोत. मी आणि नरसिंग जॉर्डनच्या सरहद्दीवर एकाच तंबूत आहोत. एक रोटी दोघांत खातो. पासपोर्ट मालकांकडंच राहिले. विमानात जागा मिळायला घरचे कागद लागतात. दोघांचे शाळेचे दाखले आणि रेशन कार्डाची नक्कल, वर तहसीलदाराचा शिक्का. विमानं दिवाळीपर्यंतच आहेत. तरी हे सगळं ताबडतोब खालच्या पत्त्यावर..."

खाली कागद नव्हता.

दिवाळीला दहा दिवस उरले होते. नीलम्मा उठली. तिनं ट्रंकेतून शाळेचा दाखला काढला, फडताळातून रेशन कार्ड काढलं आणि दोन्ही नवऱ्यासमोर ठेवलं.

"पत्ता कुठाय वो?"

शिवमूर्तीनं भिंतीकडं पाहिलं.

"मग हाक मारा की. येक हाक मारा. लेकरू वाळूत पडलंय आपलं."

शिवमूर्ती उठला. बॉलपेन घेतलं. भिंतीपाशी गेला, पण हाक काही त्याच्या तोंडातून निघेना. तो भिंतीला कान लावून उभा राहिला.

पलीकडं व्यंकटीची लेक सिंधु वाचत होती. "पाठवा. दोघांचे कागद एकाच पाकिटात घाला, म्हणजे आम्हाला एकाच विमानात बसवतील." ती थांबली. "बाबा, पन काय पाठवा? कोनते कागद? ते वरच्या तुकड्यात ऱ्हायलं. मी जाऊन इचारून येते."

"उंबरा वलांडशील तर बघ," व्यंकटी म्हणाला. "पत्ता आपल्याकडं हाय. त्यांनाच यावं लागंल. फिरून वाच बरं."

सिंधुनं नाक ओढलं आणि ती पत्ता वाचू लागली. शिवमूर्तीनं श्वास रोखला. डाव्या तळहातावर तो लिहू लागला. भारताची वकिलात. खोली नंबर एकवीस. दुसरा मजला.

"सिंधु, हळू आवाजात वाच," पलीकडून व्यंकटी म्हणाला. "भिंतीला कान लावून बसले असतील."