कापलेले चार दिवस

"पगाराचं काम यापुढे कोणी बघायचं? हिशेबखात्याने की एचआरने?" मालकांनी विचारलं. हिशेबनीस गवाणकर ताठ बसले. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एका रुपयाची चूक झाली नव्हती.

एचआरच्या रेहानाने या महिन्याचा पगारतक्ता पुढे ओढला. "गवाणकरसाहेब, कारखान्यातल्या कोळेकरांचे चार दिवस कापलेत?"

"गैरहजर होते."

"त्यांची बायको वारली हो. अशा वेळी आपण भरपगारी रजा देतो."

बायको वारल्याचं गवाणकरांना ठाऊकच नव्हतं. कोळेकर रोज गेटवर त्यांना नमस्कार करायचे. आज सकाळीही केला होता.

"पगार यापुढे रेहानानेच करावेत," ते हळू आवाजात म्हणाले. "मी आकडे तपासून देईन."

बैठक संपल्यावर ते खाली कारखान्यात उतरले. कोळेकरांच्या मशीनपाशी जाऊन उभे राहिले. कोळेकरांनी मशीन बंद केलं आणि त्यांना बसायला स्टूल दिलं.