शून्याच्या जागी एक

इंदुमतीचा मेंदू सात कोटी अंकी आकडा होऊन केंद्रात जपलेला होता. तिला नव्या शरीरात उतरवताना शेवटचा अंक घरच्यांनी भरायचा, अशी पद्धत. तो निघाला शून्य. मनोहरकाकांनी जन्मभर आहेराच्या पाकिटात शंभरावर एक रुपया घातलेला. बायकोला शून्यावर कसे सोडणार? त्यांनी एक भरला.

ती शुद्धीवर आली आणि म्हणाली, "माझी शेळी कुठे बांधलीत?"

"हिनं शेळी कधी पाळलीच नाही," काका म्हणाले.

केंद्रातल्या रेणुकाने संगणकाचा पडदा तपासला. "काका, आकड्याला ज्या ज्या संख्यांनी भाग जातो, त्यांत माणसाच्या आठवणी असतात. लागोपाठच्या दोन आकड्यांना एक सोडून कुठल्याच सामायिक संख्येनं भाग जात नाही. काकूंचं यात काहीच उरलं नाही."

"नुसत्या एकानं?"

"एकानंच. लाखाने चुकला असतात तर थोड्या उरल्या असत्या."

"मग एक वजा कर."

"करते. पण शरीर एकच आहे. या बाई पुसल्या जातील."

बाई घाबरून दोघांकडे बघत होत्या. काकांचे डोळे भरलेले पाहून त्या बाकावर जरा सरकल्या.

"बसा. कोण गेलं तुमचं?"

चेहरा इंदूचाच होता. काका बसले.

"बायको," ते म्हणाले. मग रेणुकाकडे वळले. "वजा नको करूस."