जाड पाकीट

पाकीट जाड होतं, आणि तेवढ्यावरूनच आई काय समजायचं ते समजली. नकार एका कागदात मावतो. एवढे कागद होकारालाच लागतात: नियम, फॉर्म, वसतिगृहात येताना काय काय आणायचं त्याची यादी. तिने पोस्टमनच्या कागदावर सही केली, दार लावलं आणि पाकीट न फोडताच कपाटात, आपल्या कामावरच्या कपड्यांच्या घडीखाली सरकवलं.

लेक तेव्हा शाळेत होती. दहावीचं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. महिन्याभरापूर्वी तिने पोहण्याच्या एका मोठ्या संस्थेची निवड चाचणी दिली होती. निवड झाली की दुसऱ्या गावी जायचं; तिथेच राहणं, तिथेच शाळा, तिथेच तलाव. तलावावर सगळे तिला मासोळी म्हणायचे, आणि तिचे सर तर "हिचं नाव येणार म्हणजे येणारच" असं भेटेल त्याला सांगत सुटले होते.

दहावीच्या वर्षात कशाला ही उरस्फोड, अशी आईने मनाची समजूत घातली. पण मन काही खुळं नव्हतं. नवरा जहाजावर, वर्षातून दोनदा घरी. मासोळी गेली की या तीन खोल्यांत ती आणि भिंतीवरचं घड्याळ. अभ्यासाचं नाव पुढे करून तिने स्वतःची सोय पाहिली होती.

संध्याकाळी मासोळीने दप्तर टाकता टाकता विचारलं, "पत्र आलं?"

"नाही गं."

"येईल," ती म्हणाली आणि पंख्याखाली जाऊन पडली.

 आई रुग्णालयात एक्स-रे काढायची. बावीस वर्षं तेच काम. "हिच्यापासून काही लपवू नका, हिला आतलं दिसतं," अशी तिच्यासोबतची मंडळी थट्टा करायची. दुसऱ्या दिवशी ती पाकीट पिशवीत घालून कामावर घेऊन गेली. एक्स-रे बघायच्या उजेडाच्या काचेवर धरलं असतं तर न फोडताही चार ओळी वाचता आल्या असत्या. तिने हात वर नेला आणि खाली घेतला. वाचलं असतं तर मग ते द्यावंच लागलं असतं.

सोमवारी पहाटे मासोळी उठली, तेव्हा आई तयार होऊन बसली होती.

"तू कुठे निघालीस?"

"तुझ्याबरोबर. तलावावर."

"तू? तुला तर बादलीभर पाण्याची पण भीती वाटते!"

"मी कुठे उडी मारणारेय? काठावर बसेन."

ती बसली, ती वर्षभर बसली. मांडीवर इतिहासाचं पुस्तक घेऊन. मासोळी काठाला हात लावून दम घ्यायची, आई प्रश्न विचारायची, आणि धापा टाकत उत्तर देऊन ती पुन्हा पाण्यात शिरायची. थंडीत आईच्या नाकाला धार लागायची, पण खाडा नाही.

सहामाहीत मासोळीला गणितात पस्तीस मिळाले. पूर्वी आईने घर डोक्यावर घेतलं असतं. आता तिला वाटलं, आपण कुठल्या तोंडाने रागवायचं? तिने फक्त विचारलं, "नेमकं अडतं कुठे?" मग दोघी रोज जेवणाआधी तासभर गणितं सोडवू लागल्या. आईलाही येत नसत. दोघी मिळून चुकायच्या, हसायच्या, पुन्हा मांडायच्या.

मधूनच मासोळी विचारायची, "पत्र आलं?"

"नाही गं."

ती पुन्हा वहीत डोकं घालायची. आणि दुसऱ्या दिवशी आई गजराच्याही आधी उठायची.

शाळेच्या पालकसभेत वर्गशिक्षिकेने तिला उभं केलं. "या मुलीत केवढा फरक पडलाय! तुम्ही काय केलंत, बाकीच्या पालकांनाही सांगा ना."

 "काही नाही. मी नुसती तिच्याबरोबर असते," एवढंच म्हणून आई खाली बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकेक टाळी गालावर बसावी तशी बसली.

दहावीचा निकाल लागला. चौऱ्याऐंशी टक्के. सर घरी येऊन नवा अर्ज देऊन गेले. "गेल्या वेळी काय झालं कोण जाणे. आता हिचा वेळ चार सेकंदांनी कमी झालाय. पुन्हा भरा."

दुपारी मासोळी टेबलाशी अर्ज भरायला बसली. आईला राहवेना. ती आत गेली, पाकीट घेऊन आली आणि अर्जाशेजारी ठेवलं.

"हे गेल्या वर्षीच आलं होतं. मी लपवलं. तू जाशील म्हणून. मला शिव्या दे, बोलू नकोस माझ्याशी, काहीही कर."

मासोळीने पाकिटाला हात लावला नाही. "फोड," ती म्हणाली.

आईने फोडलं. आतून मासोळीचे फोटो निघाले, जन्माचा दाखला निघाला, डॉक्टरचं प्रमाणपत्र निघालं. सगळ्यांवर चार ओळींचं पत्र होतं. या वर्षी निवड होऊ शकली नाही. कागदपत्रं परत पाठवत आहोत.

आईने पत्र पुन्हा एकदा वाचलं. "म्हणजे... तुझी निवड झालीच नव्हती?"

"माहितीये मला. मी तेव्हाच फोन केला होता त्यांना. म्हणाले, निवड नाही झाली, कागद परत पाठवलेत, घरी कुणीतरी सही करून घेतलेत."

"म्हणजे मी लपवलंय, हेही?"

"हो."

"मग वर्षभर 'पत्र आलं का, पत्र आलं का' कशाला विचारत होतीस?"

मासोळीने अर्जावरून मान वर केली नाही. तिचे कान लाल झाले होते.

"विचारलं की दुसऱ्या दिवशी तू नक्की यायचीस."